सीटखालचा गंज आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले

नमस्कार मंडळी. या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त गंजावर आहेत, तेही गाडीच्या बाहेरच्या नाही, आतल्या. श्रावण-भाद्रपदात हे दरवर्षी होतंच, ओल्या चपला, ओल्या छत्र्या, विसर्जनाहून भिजून आलेली आठ माणसं पाच जणांच्या गाडीत, आणि मग दसऱ्याच्या आधी गाडी धुवायला काढली की कोणीतरी सीटखाली वाकून बघतं. नव्या वाचकांना माझी ओळख एवढीच की वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, प्लेटिंगच्या कारखान्यात २२ वर्षं काढली, नट-बोल्टांना आणि छोट्या पार्ट्सना झिंकचा मुलामा चढवायचं काम. लोकांच्या लोखंडाला गंज चढतो म्हणून माझं घर चाललं, त्यामुळे गंजाला मी फार शिव्या देत नाही. एक प्रश्न सविस्तर घेतो, बाकीचे त्याच्या मागे.

प्रश्न: काका, नवी गाडी घेऊन आठच महिने झालेत. परवा मुलाचं खोडरबर सीटखाली गेलं म्हणून मोबाइलचा टॉर्च लावला तर सीट जिथे खाली बसवलेली असते तिथले बोल्ट, त्यांच्या पट्ट्या आणि सीटच्या पोटातल्या तारा सगळ्यांवर तांबूस रंग. मग ह्यांनी ब्रेकच्या पेडलपाशी डोकं घालून बघितलं तर स्टिअरिंगचा जो रॉड खाली जातो त्यालाही गंज. शोरूमला गेलो तर तो म्हणाला "बेन, आ तो नॉर्मल छे". शेजारचे म्हणतात तुम्हाला पुरातली गाडी चिकटवली. सासरे म्हणतात सीट काढून सगळ्याला रंग मारून घ्या. आता कोणाचं ऐकू? (मांजलपूरहून एक वाचक)

उत्तर: ताई, शोरूमवाला खोटं बोलत नाहीये, फक्त अर्धंच बोलून मोकळा झालाय. उरलेलं अर्धं मी सांगतो.

गाडीचा जो मुख्य सांगाडा असतो ना, म्हणजे फ्लोअर, छत, खांब, दरवाजे, तो कारखान्यात आख्खा रंगाच्या टाकीत बुडवतात आणि करंट देऊन त्याच्यावर प्रायमर चढवतात, साधारण २० मायक्रॉनचा थर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या पाव हिश्शाएवढा, पण तो कोपऱ्याकोपऱ्यात जातो म्हणून हल्लीच्या गाड्या आपल्या वडिलांच्या काळातल्या गाड्यांसारख्या खालून कुजत नाहीत. पण सीट, सीटची रेल, पेडलचा स्टँड, स्टिअरिंगचा रॉड हे काही त्या टाकीत जात नाही. हे सगळं वेगवेगळ्या छोट्या कारखान्यांतून तयार होऊन येतं आणि रंगवलेल्या गाडीत नंतर कसलं जातं. त्यातल्या कशाला झिंक असतं, कशाला काळं फॉस्फेट आणि वर तेलाचा हात, आणि काही ठिकाणी मुद्दाम काहीच नसतं. मुद्दाम का, तर बोल्टच्या आट्यांत रंग भरला की तो कसताना पाना म्हणतो झालं घट्ट आणि आतून ढिला राहतो. स्टिअरिंगच्या रॉडला जिथे खाचा असतात, एकात एक बसणाऱ्या, तिथे रंग मारला तर तो बसणारच नाही नीट. रेल सरकते, तिथला रंग पहिल्या महिन्यात खरवडून निघेल. आणि पत्रा आधी मुलामा देऊन मग कापला असेल तर कापलेली कड उघडीच राहते, वेल्डिंग केलं की तिथला मुलामा जळून जातो. आता परत टॉर्च लावून बघा, मी पैज लावतो की तुमचा गंज कडांना, वेल्डिंगच्या टिपक्यांना आणि बोल्टच्या डोक्यांना जास्त आहे आणि पट्टीच्या सपाट भागाला कमी.

माझे मामा प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपात होते. लहानपणी त्यांच्याबरोबर डभोईच्या छोट्या लाइनीवर फार फिरलोय, तीच लाइन जी १८६२ मध्ये सुरू झाली तेव्हा डबे बैल ओढायचे. रूळ बघितलात कधी नीट? वरचा भाग, जिथे चाक घासतं, आरशासारखा, आणि दोन्ही बाजू तपकिरी. कोणी रंग मारत नाही, कोणी घाबरत नाही, कारण रूळ जाडजूड आहे आणि तो वरवरचा गंज त्याच्या वजनापुढे काहीच नाही. सीटची रेल अर्थात रुळाएवढी जाड नसते, दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा, पण आठ महिन्यांत त्याच्यातून गंजानं खाल्लेलं लोखंड मायक्रॉनमध्ये मोजायचं असतं. दिसतं मात्र भयंकर, कारण लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणजे चिमूटभर लोखंड आणि मूठभर भुगा.

म्हणून आधी बोटानं बघा. पांढरा टिश्यू घेऊन त्या पट्टीवर जोरात घासा. नुसती तांबूस पूड निघाली आणि खाली धातू गुळगुळीत लागला तर हा वरवरचा गंज, सोडून द्या म्हटलं तरी चालेल. पापुद्रे निघाले, पापडीसारखे, किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं टोचल्यावर खड्डे लागले तर गोष्ट वेगळी, आणि ते जर सीटबेल्टच्या बोल्टपाशी, सीट जिथे फ्लोअरला धरलीय तिथे किंवा ब्रेक पेडलच्या स्टँडवर असेल तर त्याच दिवशी गाडी वर्कशॉपला, वाट बघायची नाही. आठ महिन्यांच्या गाडीत असं होत नाही सहसा. कुठे पांढरी भुकटी दिसली, मिठासारखी, तर ती झिंकची, झिंक स्वतः मरून लोखंडाला वाचवतोय, तिथे हात लावू नका.

आता शेजारच्यांचं. पुराची गाडी असती तर गंज असा कडाकडांना नसता, एका पातळीच्या खाली सगळं सारखंच माखलेलं असतं, ते पुढच्या प्रश्नात सांगतो. तुमच्याकडे मला पुराचा नाही, ओलाव्याचा संशय येतोय. उघड्या लोखंडाला हवेत साधारण ६० टक्क्यांच्या वर दमटपणा मिळाला की त्याचं काम सुरू होतं, आणि वडोदऱ्यात पावसाळ्यात सकाळी काय असतं ते तुम्हाला माहितीये, वाळत घातलेले कपडे तीन दिवस वाळत नाहीत. त्यात मीठ असेल तर विचारूच नका. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि स्वतःच पाणी होऊन बसतं, तेच सीटखाली पडलेल्या शेव-गाठ्याच्या चुऱ्याचं होतं, तेच घामाचं, तेच वलसाडजवळच्या तिथल गावी समुद्रावर जाऊन आलेल्या चपलांतल्या वाळूचं. मुलं मागच्या सीटवर खातात का? उत्तर मला माहितीये.

अजून एक विचारतो, रागावू नका, सीटवरचं पॉलिथिन काढलंय का? आपल्याकडे नव्या गाडीचं प्लास्टिक वर्षवर्ष काढत नाहीत, पाहुण्यांना कळायला नको का गाडी नवी आहे ते. पण त्या प्लास्टिकखाली फोम घाम धरून बसतो, तो ओलावा खाली तारांवर उतरतो. तुम्ही "सीटच्या पोटातल्या तारा" लिहिलंय त्यावरूनच मला शंका आली. आजच काढा. गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालत असाल तर पावसात भिजून आलेल्या गाडीवर लगेच घालू नका, ओलं आंथरूण गुंडाळून कपाटात ठेवण्यासारखंच ते.

आणि मॅट. रबरी मॅट उचला, त्याखालच्या कार्पेटवर वर्तमानपत्राची घडी ठेवा आणि टाचेनं त्यावर अर्धा मिनिट उभं राहिल्यासारखा दाब द्या. चारही पायांच्या जागी करा. कागद ओला झाला तर गंज विसरा, पाणी शोधा, कारण कार्पेटखाली जो जाड फोम किंवा नमदा असतो तो वरून कोरडा वाटला तरी महिनाभर ओला राहू शकतो आणि तोवर तुम्ही वर कितीही घासा, खालून वाफ येतच राहणार. फक्त डाव्या बाजूचा पुढचा भाग ओला असेल तर बहुतेक एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय. एसी लावून गाडी उभी केल्यावर खाली पाणी टपकतं ते चांगलं लक्षण, ते टपकणं बंद झालं आणि आत पायाशी ओल आली की समजायचं, मेकॅनिक हवेनं किंवा तारेनं पाच-दहा मिनिटांत मोकळी करतो. दाराच्या बाजूनं ओल असेल तर दाराच्या आतलं प्लास्टिकचं शीट फाटलं असेल, बाहेरून नवे स्पीकर बसवून घेतलेल्या गाड्यांत हे सर्रास, स्पीकरवाला शीट फाडतो आणि परत चिकटवायचे कष्ट घेत नाही. पुढून दोन्ही बाजूंना असेल तर वायपरखालच्या जाळीत कडुनिंबाची नाहीतर गुलमोहराची पानं अडकलीयेत का बघा, झाडाखाली गाडी लावणाऱ्यांचा हा ठरलेला आजार. सनरूफवाल्या गाडीत छताच्या कोपऱ्यांतून नळ्या खाली येतात, त्या तुंबल्या की पाणी खांबातून आत.

सगळं कोरडं निघालं तर मग हौस म्हणून साफ करा. सासऱ्यांना सांगा की सीट काढायची नाही, त्यांचा अनुभव त्यांच्या काळच्या गाडीचा आहे, तेव्हा चार बोल्ट काढले की सीट बाहेर. आता पुढच्या सीटखाली वायरी असतात, त्यात पिवळं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅगचं किंवा सीटबेल्ट ओढून धरणाऱ्या यंत्राचं, ते घरी हातात घ्यायचं नाही म्हणजे नाही. शिवाय सीटचे बोल्ट ठराविक ताकदीनं मोजून कसलेले असतात, ते अंदाजपंचे कसून चालत नाही.

सीट न काढता एवढं होतं: सीट पूर्ण पुढे घ्या, मागचा भाग व्हॅक्यूमनं साफ करा, मग पूर्ण मागे घेऊन पुढचा. कार्पेटवर जुनी चादर पसरा. पितळी तारेचा छोटा ब्रश किंवा भांडी घासायचा हिरवा घासणा घेऊन कोरडंच घासा. स्टीलच्या तारेचा काथ्या वापरू नका, त्याचे बारीक तुकडे कार्पेटमध्ये अडकतात आणि चार दिवसांनी तेच गंजून ठिपके पडतात. मग सॅनिटायझर लावलेल्या फडक्यानं पुसा. पेट्रोल, थिनर गाडीच्या आत अजिबात नको. न सरकणाऱ्या पट्ट्यांवर रस्ट कन्व्हर्टर मिळतं ते छोट्या ब्रशनं लावा, बाटलीवर टॅनिन लिहिलेलं असेल तर जास्त चांगलं, त्यानं गंज निळसर काळा पडतो. लोखंडी कढईत आवळ्याची भाजी केली की काळी होते ना, हिरड्याच्या पाण्यात लोखंड टाकून जुन्या काळी शाई करायचे ना, तोच प्रकार, गंज स्वतःच काळ्या थरात बदलून तिथेच चिकटून बसतो. एक दिवस वाळू द्या, दारं उघडी ठेवून, आणि त्यावर झिंकवाला प्रायमर किंवा साधा लॅकर, तोही ब्रशनं, कारण स्प्रे मारला की अर्धा सीटबेल्टवर जातो. कन्व्हर्टर लावलं आणि वरून काही मारलं नाही तर दोन पावसाळ्यांत परत तिथेच याल.

बोल्टच्या डोक्यांना नुसता मेणाचा किंवा तेलाचा पातळ हात पुरे, आट्यांत तेल सोडू नका. स्टिअरिंगच्या रॉडला आणि त्याच्या सांध्याला हात लावू नका, तिथला तपकिरी रंग बघून न बघितल्यासारखं करा. सीटबेल्टच्या पट्टीला तेल, ॲसिड, कन्व्हर्टर, काहीही लागता कामा नये, ती फक्त कोमट पाणी आणि सौम्य साबणानं.

आणि ताई, शोरूमवाल्याकडून एवढं मात्र करून घ्या, पुढच्या सर्व्हिसला जॉबकार्डवर "सीटखाली गंज दाखवला" असं लिहून घ्या, फोटो तारखेसकट ठेवा. वॉरंटीची पुस्तिका वाचलीत तर पत्रा आरपार कुजणं आणि वरवरचा गंज यांत फरक केलेला सापडेल, वरवरच्याला ते बहुतेक हात वर करतात, पण उद्या खरंच वाढला तर कागद हवा.

प्रश्न: सर, कारेलीबागेत राहतो. ६ वर्षं जुनी गाडी घ्यायचीय, सौदा जवळजवळ पक्का. बघायला गेलो तर सीटच्या रेलला गंज होता. विकणारा म्हणतो दमटपणा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या सोसायटीत गाड्यांच्या काचांपर्यंत पाणी होतं ते डोळ्यांनी बघितलंय त्यामुळे विश्वास बसत नाही. कसं ओळखायचं?

उत्तर: भाऊ, तुमची भीती रास्त आहे. त्या वेळी विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट आणि पाणी गेलं ३५ च्याही वर, तीन-तीन दिवस गाड्या पाण्यात उभ्या. त्याआधी २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला तेव्हाही तेच. त्या सगळ्या गाड्या काही भंगारात गेल्या नाहीत, बऱ्याच धुऊन, अत्तर मारून, नवे सीट कव्हर घालून फिरतायत, काही दुसऱ्या गावाला गेल्या, काही इथेच आहेत.

पण नुसत्या रेलच्या गंजावरून निकाल देऊ नका. सहा वर्षांच्या गाडीच्या रेलला गंज नसेल तर उलट मलाच संशय येईल की कोणी नुकती साफ केली. गंज कुठवर आहे ते बघा. दमटपणाचा गंज सगळीकडे थोडाथोडा. गळतीचा गंज एका कोपऱ्यात. पुराचा गंज पाण्याच्या रेषेप्रमाणे, त्या रेषेखालचा प्रत्येक उघडा स्क्रू, मग तो डॅशबोर्डखालचा असो, मधल्या कन्सोलचा असो, दाराच्या पॅनेलमधला असो, आणि रेषेच्या वरचे स्क्रू चकचकीत. डॅशबोर्डखाली आडवं पडून टॉर्च मारा, लाज वाटू देऊ नका, पैसे तुमचे आहेत. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत, जो भाग एरवी आतच गुंडाळलेला असतो. धुणाऱ्यांनी वरचा दीड हात धुतलेला असतो, आतल्या भागावर मातकट डाग किंवा रेषा तशीच असते. मी गेल्या वर्षी भाच्यासाठी एक गाडी बघायला गेलो, सगळं चकाचक, कार्पेटही नवं, बेल्ट ओढत ओढत आणला आणि शेवटच्या वितीला बोटांना माती लागली, पिवळट, बारीक, पिठासारखी. विकणाऱ्याकडे बघितलं तर तो फोनवर बोलायला बाहेर गेला.

हेडरेस्ट उपसून त्याच्या दांड्यांची खालची टोकं बघा. स्टेपनी काढून खड्ड्यात बोट फिरवा. नवं कार्पेट जुन्या गाडीत दिसलं की विचारा का बदललं. काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात बसा, एसी न लावता, नदीचा वास अत्तराखालून वर येतोच. विम्याच्या क्लेमची हिस्टरी मागा, आणि द्यायला टाळाटाळ केली तर सौदा सोडा, गाड्या खूप आहेत. पुरातल्या गाडीत मला गंजाची भीती नाहीच मुळी, वायरिंगची आहे, कनेक्टरच्या आतल्या पिना हळूहळू हिरव्या पडत जातात आणि वर्षभरानं एअरबॅगचा दिवा लागतो नाहीतर काच मध्येच अडकते, मग शोधत बसा.

प्रश्न: काका, यूट्यूबवर बघून सीटच्या पट्ट्यांना आणि सीटबेल्टच्या बोल्टला संडास साफ करायचं लिक्विड लावलं. पाच मिनिटांत चांदीसारखं झालं! पण दोन दिवसांनी आधीपेक्षा जास्त गंज, आणि ज्याला लावलंच नव्हतं तेही गंजलं, अगदी चार्जरची पिनसुद्धा. असं का?

उत्तर: अरे बाबा. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्यानं गंज विरघळतो हे खरंच, आमच्याकडेही प्लेटिंगच्या आधी माल ॲसिडच्याच टाकीत घालायचे. पण टाकीतून काढल्यावर लगेच धुणं, परत धुणं, आणि थेट झिंकमध्ये. उघडं पडलेलं ताजं लोखंड आम्ही चहा प्यायलासुद्धा तसं सोडायचो नाही, तू दोन दिवस सोडलंस. शिवाय त्या ॲसिडची वाफ होते आणि बंद गाडीत ती जाणार कुठे, जिथे थंड धातू दिसेल तिथे जाऊन बसते. आमच्या पिकलिंगच्या, म्हणजे त्या ॲसिडच्या टाक्यांच्या, शेडमध्ये भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यांनासुद्धा गंज असायचा.

आता काय करायचं: आज उन्हात चारही दारं उघडी ठेव. एक चमचा खायचा सोडा तांब्याभर पाण्यात घालून त्यात फडकं घट्ट पिळून जिथे जिथे लावलं होतंस ते पूस, मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्यानं दोनदा, मग हेअर ड्रायरनं कोरडं कर आणि लगेच, त्याच तासात, तेलाचा हात. वायरींवर पाणी जाऊ देऊ नको.

आणि सीटबेल्टचे बोल्ट बदल. हे मी गंजासाठी म्हणत नाहीये. जास्त ताकदीचं पोलाद ॲसिडमध्ये गेलं की त्यात हायड्रोजन शिरतो आणि ते आतून ठिसूळ होतं, वरून काही दिसत नाही. म्हणून असे बोल्ट प्लेटिंगनंतर आम्ही ओव्हनमध्ये २०० डिग्रीच्या आसपास काही तास भाजून काढायचो. एकदा एका लॉटचं भाजणं राहून गेलं. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात बोल्ट कसले, सगळं व्यवस्थित, आणि दुसऱ्या दिवशी कोणी हात न लावता डोकी उडायला लागली, टिक् करून एक, मग तासाभरानं अजून एक. मी तिथे उभा होतो, तो आवाज अजून कानात आहे. तुझ्या बोल्टला पाच मिनिटं ॲसिड लागलं, तेही वरून, बहुतेक काही झालं नसेल. पण "बहुतेक" हा शब्द सीटबेल्टला नको. वर्कशॉपला जाऊन कंपनीचेच नवे घाल, बाजारातले साधे नाही.

प्रश्न: दांडियाबाजारच्या वाड्यात आमची १५ वर्षं जुनी गाडी उभी असते, फार वापर नाही. ड्रायव्हरची सीट सरकेनाशी झालीय. डब्ल्यूडी-४० मारला की आठवडाभर सरकते मग परत जाम. डबे संपत चाललेत.

उत्तर: आजोबा (अंदाजानं म्हणतोय, चुकलो असेन तर माफ करा), तो स्प्रे मुळात टिकाऊ वंगण नाहीच. १९५३ मध्ये अमेरिकेत क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून तो बनवला, नावातले डब्ल्यू आणि डी म्हणजे पाणी हटवणं आणि चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून ४०. तो गंजात शिरतो, जाम सोडवतो आणि उडून जातो. त्याचं काम झालं की तुमचं सुरू. रेल मोकळी झाल्याबरोबर आतला काळा चिकटा जुन्या टूथब्रशनं आणि फडक्यानं काढा, सीट पाच-सहा वेळा मागेपुढे करा, दर वेळी पुसा, आणि मग पांढरं लिथियम ग्रीस, अगदी थोडं, पोळीला तूप लावतो तेवढंच, थापायचं नाही, नाहीतर धूळ धरून परत चिकटा. स्प्रे मारायचाच झाला तर फडक्यावर मारून फडकं फिरवा. ब्रेक पेडलच्या आसपास आणि पेडलच्या रबरावर तेल जाऊ देऊ नका, पाय घसरेल. सीट मधल्या खाचेत अडकली का, टक् आवाज आला का, हे दर वेळी हलवून बघा, चालत्या गाडीत ड्रायव्हरची सीट मागे सरकणं म्हणजे काय ते सांगायला नको. आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी एसी लावून अर्धा तास फिरवून आणा, आतली हवा कोरडी होते. सुरसागरला एक चक्कर, शेव-उसळ बाहेरच उभं राहून खायची.

प्रश्न: हेडरेस्टच्या चमकत्या दांड्यांवर तपकिरी ठिपके आलेत. घासले तर क्रोम जाईल का?

उत्तर: काचकागदानं घासलं तर जाईल. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवा आणि हलक्या हातानं घासा, ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं त्यामुळे चरे पडत नाहीत आणि ठिपके जातात. क्रोमला दिसणार नाहीत अशी बारीक छिद्रं असतात, गंज त्यातून खालून वर येतो, म्हणून नंतर गाडीचं वॅक्स लावून चोळा. फुगे येऊन क्रोम सुटायला लागलं असेल तर ते परत बसत नाही, नवा हेडरेस्ट घ्या किंवा तसंच राहू द्या, दांडीचा तो भाग एरवी सीटमध्येच असतो.

प्रश्न: डिकीतला जॅक आणि टॉमी पूर्ण गंजलेत, गाडी दोन वर्षांची. बाकी कुठे गंज नाही.

उत्तर: बाकी कुठे नाही म्हणजे पाणी डिकीतच येतंय. मागच्या दिव्याच्या मागचं रबर आणि डिकीच्या दाराचं रबर बघा, बागेच्या नळीनं पाणी मारताना एका माणसाला टॉर्च देऊन आत बसवा, पुतण्या-भाचा असेल तर आनंदानं बसेल. स्टेपनीच्या खड्ड्यात तळाला रबरी बूच असतं, ते काढून साचलेलं पाणी सोडा, कोरडं करा आणि बूच परत लावायला विसरू नका. जॅकच्या लांब स्क्रूला ग्रीस लावून एकदा पूर्ण वरखाली फिरवा. तो आत्ता अंगणात फिरत नसेल तर रात्री हायवेवर पंक्चर झाल्यावर नक्कीच फिरणार नाही.